पाच वाजता आलेल्या मजुराचा रोज

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला पाहिलाय कधी? मी नाही पाहिला. स्टेटसला गरुडाचे पंख असतात, मेंढपाळ असतो, डोंगराआडून वर येणारा सूर्य असतो. आणि त्यावर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं ते वचन असतं, देवाच्या मनात आपल्यासाठी चांगले बेत आहेत असं सांगणारं. नोकरी बदलताना तेच, व्हिसाच्या मुलाखतीला जाताना तेच, होम लोन मंजूर झालं तरी तेच.

हे वचन ज्या पत्रात आहे ते पत्र बाबिलोनला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. सुटका व्हायला सत्तर वर्षं लागतील, असं त्याच पत्रात त्यांना सांगितलंय. तोवर तिथंच घरं बांधा, बागा लावा आणि ज्या शहरात तुम्हाला धरून आणलंय त्याच शहराच्या भल्यासाठी झटा, असंही सांगितलंय. म्हणजे हे आश्वासन ज्यांनी प्रौढ वयात ऐकलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हा भाग स्टेटसवर येत नाही.

माझं वय अठ्ठावीस. शिक्षण इंजिनिअरिंगचं, काम सॉफ्टवेअरचं, घर भोर तालुक्यात पुणे-सातारा हायवेवरच्या कामथडीत. आजोबा मूळचे नगर जिल्ह्यातले. तिथं अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ सालापासूनचं, त्यामुळे आमच्या घरात ख्रिस्ती असणं हे कधीच नवीन नव्हतं. आज मला बोलायचंय ते बाहेरच्यांशी नाही. मला बोलायचंय ते माझ्याच वयाच्या, पुण्या-मुंबईत बऱ्या पगारावर असलेल्या मराठी ख्रिस्ती पोरापोरींशी, आणि त्यांना खूश ठेवणाऱ्या उपदेशकांशी. तुम्ही शुभवर्तमानाचं मोटिव्हेशनल अ‍ॅप करून ठेवलंय. सकाळी नोटिफिकेशन, दिवसभर बरं वाटणं, वर्षाअखेरीला प्रमोशनची साक्ष. माझं म्हणणं असं, की शुभवर्तमान रोजच्या जगण्याला लावायचं असेल तर ते आधी मजुरीला, ताटाला आणि हिशोबाच्या वहीला लावावं लागतं. तिथं लागत नसेल तर ते कुठंच लागलेलं नाही.

मळ्याचा मालक काय करतो?

दृष्टांत मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे त्या काळची दिवसभराची साधारण मजुरी. मग तो नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो, दर वेळी आणखी माणसं आणतो. शेवटी संध्याकाळी पाचला जातो तर तिथं अजून काहीजण उभेच असतात. रिकामे का उभे आहात, असं विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो. दिवस मावळल्यावर हिशोब होतो तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी पैसे मिळतात, आणि सगळ्यांना मिळतो तो एकच दिनार. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलं होतं तेवढं मी दिलंय, माझ्या पैशातून मी यांना दिलं तर तुमचं काय गेलं?

ही गोष्ट समजायला ग्रीक यायची गरज नाही. पुण्यात सकाळी चौकाचौकांत मजूर अड्डे भरतात, त्यातल्या एखाद्या ठिकाणी तासभर उभं राहा. टेम्पो येतो, मुकादम उतरतो, दंड बघून माणसं निवडतो. आधी जातात ते तरणे. दहा-अकरापर्यंत जे उरतात ते वय झालेले, आजारातून उठलेले, कडेवर पोर असलेल्या बाया. त्यातले बरेचसे दुपारी घरी परततात, त्या दिवशी चुलीवर काय चढवायचं याचा विचार करत. दृष्टांतातली माणसं तर पाचपर्यंत उभी आहेत. आळशी असती तर कधीच घरी गेली असती.

मालकानं दिनार कशावर मोजला? तासांवर मोजला असता तर शेवटच्यांना त्याचा बारावा हिस्सा मिळाला असता आणि त्यांची पोरं उपाशी झोपली असती. त्यानं तो घरातल्या भाकरीवर मोजला. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितलीय ती आजच्यापुरती. महिन्याचा पगार खात्यात पडणाऱ्याला त्या 'आज'चं फारसं काही वाटत नाही. रोजावर जाणाऱ्याला वाटतं.

आमच्या भागात हे कळायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात भाताची लावणी आली की सगळ्यांची खाचरं एकदम तयार होतात आणि मजूर बायांना घरोघरून बोलावणी येतात. लावणी संपली की त्याच बायांना कामासाठी दारोदार विचारावं लागतं. मग कुणी हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासतं, कुणी पुणेकरांच्या फार्महाऊसवर गवत काढतं. बाई तीच, हात तेच, फक्त गरज दुसऱ्याची असते तेव्हा तिला भाव असतो आणि तिची स्वतःची असते तेव्हा नसतो. मावळपट्ट्यातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांच्याकडे इर्जिक होती. एकाच्या शेतात सगळं गाव राबायचं, जेवण त्या घरचं, आणि कुणी किती ओळी लावल्या हे कुणी मोजत नसे.

'हा दृष्टांत स्वर्गाबद्दल आहे'

इथं हमखास एक उत्तर येतं. हा दृष्टांत मजुरीबद्दल नाहीच, तो देवाच्या कृपेबद्दल आहे. आयुष्याच्या शेवटी विश्वास ठेवणाऱ्यालाही तारण मिळतं, एवढाच त्याचा अर्थ.

तो अर्थ आहेच, मी तो नाकारत नाही. पण कृपा समजावून सांगायला येशूनं राजाच्या दरबारातली गोष्ट का घेतली नाही, रोजंदारीची का घेतली? कारण ऐकणाऱ्यांना न मिळालेल्या रोजाचं दुःख माहीत होतं. ते दुःखच खोटं ठरवलं तर कृपेचाही अर्थ उरत नाही. शिवाय मजुरीचा विषय बायबलमध्ये या एकाच गोष्टीपुरता नाही. मोशेचं नियमशास्त्र सांगतं, की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाचं पत्र सांगतं, की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड देवाच्या कानी गेलीय. जक्कयाच्या घरी येशू जेवायला जातो तेव्हा जक्कय रडत नाही, साक्ष देत नाही. तो उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. तारण या घरात आलं, असं येशू म्हणतो ते हे आकडे ऐकल्यावर.

हे सगळं रूपक, आणि दशांशाचा दहा टक्के तेवढा खराखुरा? येशूनं धर्मपंडितांना झापलं ते नेमकं यासाठी. पुदिना, शेपू आणि जिऱ्याचाही दशांश काटेकोर देता, आणि न्याय व दया ही भारी कामं सोडून देता, असं त्याचं म्हणणं होतं. आज तो पुदिना यूपीआयनं जातो, एवढाच फरक.

बेल कर्व्ह आणि दिनार

दुसरं उत्तर माझ्या ऑफिसातल्या मित्रांचं. हे अन्यायाचं आहे, असं ते म्हणतात. जो बारा तास राबला त्याला आणि जो एक तास राबला त्याला सारखंच? मग मेहनत कोण करेल?

गंमत म्हणजे हे म्हणणारे सगळे अप्रेझलच्या महिन्यात बेल कर्व्हला शिव्या देतात. बेल कर्व्हमध्ये वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून एकाला वर चढवायचं तर दुसऱ्याला खाली ढकलावं लागतं. मळ्यात असं काही झालेलं नाही. पहाटे आलेल्यांच्या दिनारातून एक पैसाही कापला गेला नाही. जादा खर्च मालकानं आपल्या खिशातून केला. पहाटेच्या मजुरांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. यांना आमच्या बरोबरीला बसवलं, हे त्यांचं दुखणं होतं.

हेच आपलं दुखणं आहे. पॅकेज किती, यापेक्षा आपलं पॅकेज शेजाऱ्यापेक्षा किती जास्त, यात आपलं समाधान असतं. त्या समाधानाला 'आशीर्वाद' म्हणायची सोय एका प्रकारच्या उपदेशानं करून दिलीय. देवानं मला दिलं म्हणजे मी लायक होतो, आणि ज्याला मिळालं नाही त्याचा विश्वास कमी पडला. पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाला हे तोंडावर सांगून बघा.

पे-स्लिपवरची ओळ

'आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही' हे वाक्य महाराष्ट्रानं एकदा फार गंभीरपणे घेतलं होतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायला सरकार बांधील आहे, असं त्या कायद्यानं ठरवलं. ही कल्पना लावून धरणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. ते काही ख्रिस्ती नव्हते आणि या योजनेमागे कुठलं चर्चही नव्हतं. पुढे २००५ साली देशभरासाठी झालेल्या कायद्याला ही वाट महाराष्ट्रानं दाखवली.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. शहरात नोकरी-धंदा करणाऱ्यांनी थोडं द्यायचं, त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याला रोज मिळायचा. तुमची पे-स्लिप उघडा. 'प्रोफेशनल टॅक्स' अशी एक ओळ दिसेल. एका पगाराच्या वर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. टॅक्स वाचवायच्या गप्पांत आपण ही ओळ ओलांडून पुढे जातो. माझ्या मते एका मराठी ख्रिस्ती इंजिनिअरच्या आयुष्यात द्राक्षमळ्याच्या दृष्टांताच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच ओळ आहे. तीही सरकार कापून घेतं म्हणून. आपण होऊन आपण काय कापून दिलंय, हा प्रश्न मंडळीत विचारला जात नाही.

आधी पाणी, मग बाप्तिस्मा

कुणी म्हणेल, हे सगळं आजकालचं सामाजिक खूळ आहे, आपले जुने लोक साधे भक्तीचे होते. जुने लोक कसे होते ते एकदा बघूच.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं आणि चूल वेगळी ठेवली. 'स्मृतिचित्रे' वाचली असेल तर आठवत असेल, की बाप्तिस्म्याआधी त्यांच्यात काय बदललं. जात देवानं केलेली नाही असं त्यांना उमगलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. चर्चची पायरी नंतर आली. शुभवर्तमान त्यांच्या आयुष्यात शिरलं ते पाण्याच्या भांड्यातून. आणि टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी, म्हणजे ठरलेला पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्यासाठी ते राहायला गेले साताऱ्याला. आज त्याच साताऱ्याच्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जातो आणि कानात कुणीतरी मला समृद्धीच्या सात पायऱ्या सांगत असतं.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, अशी कामं त्यांच्या हातात दिली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि त्याची छपाई केली मुक्तीतल्याच बायकांनी. आपल्या काळातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस वसईतली झाडं, विहिरी आणि जमिनी वाचवायला रस्त्यावर उतरला होता. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, पण त्या खुर्चीपर्यंत ते मराठी लिहून आणि माणसांत राहून पोहोचले होते.

याच्या शेजारी आपलं ठेवून बघा. प्रभुभोजनाला एका ताटातली भाकर मोडायची आणि स्थळ बघताना हळूच विचारायचं, 'मूळचे कोण?' गोव्यात तर चर्चमधल्या कॉन्फ्रारियाही पिढ्यान् पिढ्या जातीप्रमाणे वाटलेल्या होत्या. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी घागरीपाशी सोडवलेला प्रश्न आपण मॅट्रिमोनी साइटच्या फिल्टरमध्ये पुन्हा बसवलाय.

ऊब मिळो म्हणणारे

मी ज्या कंपनीत आहे तिथं हाऊसकीपिंगच्या बायका ठेकेदाराकडून येतात. मध्यंतरी ठेकेदार बदलला आणि जुन्यानं शेवटच्या महिन्याचे पैसे अडवले. दुपारच्या सुटीत आमचा सहा-सात जणांचा प्रार्थना गट बसतो. मी विषय काढला. एकानं लगेच डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, मनापासून केली, आणि पुढचा विषय आला एकाच्या व्हिसाचा. लेखी तक्रार द्यायची का, असं विचारल्यावर शांतता. 'आपण यात पडायला नको,' एवढंच एकजण म्हणाला.

उघड्या-उपाशी माणसाला ऊब मिळो, पोट भरो असं म्हणून पाठवून द्यायचं आणि हाताला काही द्यायचं नाही, तर त्या विश्वासाचा उपयोग काय, असं याकोबाच्या पत्रात विचारलंय. आमच्या गटाचं हे जणू मिनिट्स ऑफ मीटिंग. आणि कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली आपल्याकडे झालेल्या कायद्यानंही हेच सांगितलं होतं: ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची. म्हणजे संसदेलाही कळलं होतं, की 'तो ठेकेदाराचा प्रश्न आहे' म्हणून मळ्याच्या मालकाला हात झटकता येणार नाहीत. शेवटी आम्ही तिघांनी अ‍ॅडमिनला मेल टाकला. त्यातले दोघं प्रार्थना गटातले नव्हते. पैसे मिळायला दोन महिने लागले.

तिसरं एक उत्तर भीतीपोटी येतं, आणि ते मला कळतं. आपण गरिबांसाठी काही करायला गेलो की लोक म्हणतात, हे बाटवायला आलेत. 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा आमच्या आजोबांच्या पिढीनं भरपूर ऐकलाय. रमाबाईंवरही धर्मांतराचे आरोप झालेच. पण तिच्या हक्काची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून मेल टाकण्यात कुणाचा धर्म बदलतो? तिथं पत्रक वाटावं लागत नाही, बायबल उघडावंही लागत नाही. उलट रिकाम्या हातानं दिलेली साक्षच संशयाची वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

तेव्हा पुढची साक्ष द्यायच्या आधी काही गोष्टी शोधून काढा. तुमच्या मजल्यावरची टॉयलेट धुणाऱ्या मावशींचा पगार किती आणि तो कोणत्या तारखेला होतो? तुमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना आठवड्याची सुटी आहे का, आणि आजारी पडल्या तर तुम्ही पैसे कापता का? त्यांना चहा कोणत्या कपात देता? पावसात दहा मिनिटं उशिरा आलेल्या डिलिव्हरीच्या पोराला तुम्ही किती स्टार दिलेत?

आणि हे सगळं बाहेरच्यांनाच विचारू नका. प्रत्येक मंडळीत चर्च झाडणारा, बाकं पुसणारा, घंटा वाजवणारा एखादा माणूस असतो. वार्षिक सभेत हिशोब वाचला जातो तेव्हा साउंड सिस्टीमचा खर्च कळतो, नव्या प्रोजेक्टरचा कळतो. यंदा तिथं हात वर करा आणि पाळकांना, कमिटीला एवढंच विचारा: या माणसाला किमान वेतन मिळतं का? त्याचा पीएफ भरला जातो का? उत्तर 'नाही' आलं तर प्रोजेक्टर पुढच्या वर्षी घेऊ. मालकानं कारभाऱ्याला सांगितलं होतं तसंच, पैसे वाटायला सुरुवात शेवटच्या माणसापासून करायची.